एका डॉलरचा खेळाडू

बॉब हेगमनची बेसबॉलच्या मेजर लीगमधली सगळी कारकीर्द एका ओळीत मावते. ऑगस्ट १९८५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स संघाकडून तो एका सामन्यात बदली क्षेत्ररक्षक म्हणून उभा राहिला. फलंदाजीची पाळी काही आली नाही आणि खेळाडू म्हणून तो पुन्हा कधी त्या मैदानावर उतरला नाही. पुढच्या वर्षी तो रॉयल्सच्याच कचेरीत नोकरीला होता. १९८६ च्या शरदात त्याने वरिष्ठांना एक नाव सुचवलं. सेंट क्लाउड स्टेट विद्यापीठात शिकताना त्याच्याबरोबर खेळलेला एक डावखुरा आऊटफिल्डर होता. त्याने सव्वादोन वर्षांत एकही व्यावसायिक सामना खेळलेला नव्हता आणि त्याच्या जुन्या संघाला, मिनेसोटा ट्विन्सला, त्याच्यात फारसा रस उरला नव्हता. रॉयल्सनी नियमाप्रमाणे त्याच्यावर हक्क सांगितला आणि ट्विन्सला एक डॉलर मोजला. आपल्या पैशांत त्या वेळचे बारा-तेरा रुपये.

या खेळाडूचं नाव जिम आयझनराइक. तो पुढे आणखी बारा मोसम खेळला, दोन वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकांत, उतरला आणि त्यातली एक त्याच्या संघाने जिंकली. खेळाच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या रांगेत नाही आणि मी तसा दावाही करणार नाही. तो होता या संघातून त्या संघात जाणारा, कधी रोज खेळवला जाणारा, कधी दिवसाआड, उपयोगी आणि भरवशाचा खेळाडू. असे शेकडो असतात. तरी त्याची गोष्ट तपशिलाने सांगावीशी वाटते, कारण या माणसाला खेळातून घालवलं ते त्याच्या आजाराने कमी आणि त्या आजाराला दिलेल्या चुकीच्या नावाने जास्त.

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तरेकडचं, कॅनडाला लागून असलेलं थंडीचं राज्य. तिथे मिसिसिपी नदीच्या काठी सेंट क्लाउड नावाचं गाव आहे, ग्रॅनाइटच्या खाणींसाठी ओळखलं जाणारं. आयझनराइक तिथला. जन्म १८ एप्रिल १९५९. सहा-सात वर्षांचा असताना त्याचे डोळे उगाच मिचकायला लागले, मान झटकू लागली, खांदे उडू लागले, घशातून हुंकारासारखे आवाज निघू लागले. पोरगं चंचल आहे, एवढाच अर्थ मोठ्या माणसांनी काढला. वर्गातली मुलं नक्कल करत आणि तो आणखी गप्प होई. त्याला मोकळं वाटायचं ते मैदानावर. हातात बॅट असली की शरीर त्याचं ऐकायचं.

हे का होत होतं, याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे तेव्हाही होतं. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरने १८८५ मध्ये नऊ रुग्णांची टिपणं प्रसिद्ध केली होती. शरीराला इच्छेविरुद्ध बसणारे झटके, तोंडातून आपोआप निघणारे आवाज आणि लहानपणी होणारी सुरुवात ही त्यांतली ठळक लक्षणं होती. टुरेट सिंड्रोम हे नाव तिथून आलं. या हालचालींना डॉक्टर ‘टिक्स’ म्हणतात. शिंक जशी थोडा वेळ दाबता येते तशी टिकही थोडा वेळ रोखता येते, पण कायमची दाबून ठेवता येत नाही. ताण, थकवा आणि आपल्याकडे कोणी पाहतंय ही जाणीव यांनी ती वाढते. एखाद्या कामात मन पूर्ण गुंतलं की बहुधा ओसरते. रुग्णाच्या बुद्धीशी, धैर्याशी किंवा चारित्र्याशी तिचा संबंध नाही. पण कित्येक दशकं अनेक डॉक्टर तिला मनाचा दोष समजत राहिले. १९६० च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधाने रुग्णांना उतार पडतो असं दिसलं, तेव्हा कुठे हा मेंदूचा विकार आहे ही समजूत रुजू लागली. रुग्णांच्या कुटुंबीयांनी अमेरिकेत पहिली संघटना उभारली ती १९७२ मध्ये. म्हणजे आयझनराइक मोठा होत होता तेव्हा ज्ञान अस्तित्वात होतं, पण ते सेंट क्लाउडच्या शाळेपर्यंत आलेलं नव्हतं.

१९८० मध्ये ट्विन्सने त्याला वार्षिक निवडीच्या सोळाव्या फेरीत घेतलं. ही निवड आणि तिच्या पुढचा प्रवास क्रिकेटच्या चालीने समजून घेता येईल. आपल्याकडे पोरगा क्लबातून वयोगटाच्या संघात, मग रणजीत, मग जमलं तर भारतीय संघात जातो. अमेरिकेत ही सगळी शिडी मेजर लीगच्या संघाशीच बांधलेली असते. त्याचे तीन-चार थरांचे धाकटे संघ लहान लहान गावांत खेळत असतात. सर्वांत खाली नवख्यांचा संघ, मग ‘ए’, मग ‘डबल ए’, मग ‘ट्रिपल ए’ आणि वर मेजर लीग. बहुतेक मुलं मधल्याच एखाद्या पायरीवर थांबतात आणि घरी परततात. सोळाव्या फेरीतल्या मुलाकडून फारशी कोणाची अपेक्षाही नसते. आयझनराइकने १९८१ मध्ये विस्कॉन्सिन रॅपिड्स या ‘ए’ दर्जाच्या संघाकडून ०.३११ ची सरासरी काढली आणि २३ होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडणारे फटके, मारले. बेसबॉलमध्ये दहातल्या तीन वेळी यशस्वी फटका मारणारा फलंदाज मानाने वावरतो, हे लक्षात घेतलं की ०.३११ चं मोल कळेल.

पुढच्या वर्षी ट्विन्सने त्याला मधल्या दोन्ही पायऱ्या वगळून एकदम मेजर लीगमध्ये आणलं. त्यामागे त्याची गुणवत्ता होती, तशीच मालकाची तिजोरीही. कॅल्विन ग्रिफिथ हा त्या जुन्या मालकांपैकी होता, ज्यांचा बेसबॉलशिवाय दुसरा धंदा नव्हता. १९७० च्या दशकाच्या मध्यात खेळाडूंना ठरावीक वर्षांनंतर हव्या त्या संघाशी करार करण्याचा हक्क मिळाला, पगार झपाट्याने चढले आणि ग्रिफिथसारख्यांना ते झेपेना. १९८२ च्या पहिल्या दीड महिन्यातच त्याने रॉय स्मॉली, बुच वायनेगर असे नावाजलेले, महागडे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले आणि स्वस्तातल्या पोरांवर संघ उभा केला. केंट हर्बेक, गॅरी गेटी, टॉम ब्रुनान्स्की आणि फ्रँक वायोला सगळे बाविशी-तेविशीतले होते. त्या मोसमात हा संघ १०२ सामने हरला. पोरांना शिकायला वेळ देणं परवडतं तेव्हा ते वरच्या पायरीवर उशिरा चढतात, ही साधी गोष्ट आहे. इथे ती परवडत नव्हती.

६ एप्रिल १९८२ रोजी मिनियापोलिसच्या नव्या कोऱ्या मेट्रोडोममध्ये पहिला मोसम सुरू झाला. छप्पर असलेलं हे प्रचंड मैदान. ट्विन्सकडून सेंटर फील्डला उभा होता तासाभराच्या अंतरावरच्या गावातला, अजून तेविशी न ओलांडलेला जिम आयझनराइक. गावचा मुलगा राज्याच्या संघात, तोही थेट मधोमध! पहिल्या काही आठवड्यांत त्याने ०.३०० च्या वर सरासरी ठेवली. काही जण त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदिताच्या शर्यतीत त्याचं नाव घेऊ लागले.

आऊटफिल्डरचं काम मोठं एकाकी असतं. नऊ क्षेत्ररक्षकांपैकी सहा जण एकमेकांशी बोलता येईल इतक्या अंतरावर असतात. उरलेले तिघे दूर, फलंदाजापासून तीनशे फुटांवर. मधला सेंटर फील्डर तर सर्वांत उघडा. डावामागून डाव चेंडू त्याच्याकडे फिरकत नाही. मागे भिंत, भिंतीमागे प्रेक्षक, आणि हा वाट पाहत उभा. फलंदाजी करताना काही सेकंदांत सगळं लक्ष चेंडूवर एकवटतं आणि टिक माघार घेते. सेंटर फील्डच्या त्या लांबलचक रिकाम्या मिनिटांत मात्र मनाला शरीराकडे लक्ष द्यायला भरपूर सवड असते. टुरेटच्या रुग्णासाठी याहून अवघड जागा या खेळात सापडणार नाही, असं मला वाटतं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मेट्रोडोममध्ये त्याचे झटके आवरेनात. श्वास अपुरा पडू लागला आणि त्याने स्वतःहून मैदान सोडलं. पुढच्या काही सामन्यांतही असंच झालं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. मग ४ मेला संघ बॉस्टनला गेला. फेनवे पार्क हे जुनं, अटकर मैदान. तिथे भिंतीलगतचे प्रेक्षक खेळाडूला जवळजवळ हात लावू शकतात. त्यांनी बातम्या वाचलेल्या होत्या. सेंटर फील्डमागच्या बाकांवरून त्याच्या थरथरण्याची टिंगल सुरू झाली, आरोळ्या उठल्या. पाठीमागून शेकडो माणसं तुझं अंग हलतंय म्हणून ओरडताहेत आणि तुला चेंडू येईपर्यंत स्थिर उभं राहायचं आहे. त्याला जमलं नाही. कोणालाही जमलं नसतं. तो मैदान सोडून आत गेला.

त्यानंतर इस्पितळ, तपासण्या, शामक औषधं आणि मतभेद. मिनेसोटातल्या एका डॉक्टरने त्याला पाहून टुरेट सिंड्रोम असल्याचं सांगितलं. आयझनराइकला ते पटलं, कारण आपले झटके मेट्रोडोममध्ये सुरू झालेले नाहीत, ते पहिलीपासूनचे आहेत हे त्याला ठाऊक होतं. संघाशी संबंधित डॉक्टरांचं म्हणणं वेगळं पडलं. हा गर्दीचा, उघड्या जागेचा भयगंड आहे, लोकांसमोर उभं राहण्याची भीती आहे, असं त्यांनी ठरवलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे पटण्यासारखंच होतं: मोठं मैदान, हजारो प्रेक्षक आणि घाबरून पळणारा नवखा खेळाडू.

त्या डॉक्टरांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. १९८२ मध्ये टुरेट ओळखू शकणारे डॉक्टर थोडे होते. पण निदान चुकलं की उपचार चुकतात आणि त्याहून वाईट म्हणजे माणसाकडे पाहण्याची नजर चुकते. भित्र्या खेळाडूला सगळे सल्ला देतात, धीर धर, मन घट्ट कर. चेतासंस्थेच्या विकारावर घट्ट मनाचा काही उपयोग नसतो. तो मोसम आयझनराइकसाठी ३४ सामन्यांवर थांबला. सरासरी होती ०.३०३. १९८३ च्या सुरुवातीला तो दोन सामने खेळून घरी गेला. १९८४ मध्ये पुन्हा आला. औषधांनी गुंगी येई, संघाला भरवसा वाटेना आणि त्यालाही संघाचा भरवसा राहिला नाही. जूनच्या सुरुवातीला, १२ सामन्यांनंतर, त्याने ‘स्वेच्छानिवृत्त’ खेळाडूंच्या यादीत नाव जाऊ दिलं. तीन मोसमांत मिळून ४८ सामने. वय पंचवीस.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात ट्विन्सने सेंटर फील्डला एक बुटका, गोलमटोल, हसरा मुलगा उभा केला होता. तो किर्बी पकेट. तो पुढे मिनेसोटाचा सर्वांत लाडका खेळाडू झाला आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. आयझनराइकची जागा रिकामी राहिली नाही. संघांच्या जागा कधीच रिकाम्या राहत नाहीत.

मिनेसोटात उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावोगावचे हौशी संघ एकमेकांशी खेळतात, त्याला तिकडे ‘टाउन बॉल’ म्हणतात. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, सगळे गणवेश चढवून येतात. आयझनराइक सेंट क्लाउडच्या अशा संघाकडून खेळू लागला. मेजर लीगमधून उतरलेल्या माणसाला हे कमीपणाचं वाटू शकलं असतं. पण या दोन-अडीच वर्षांतच तो बरा झाला, असं मी म्हणेन. विकार गेला नाही, तो जाणार नव्हताच. योग्य औषधाचा योग्य डोस बसवायला वेळ मिळाला. आजूबाजूला लहानपणापासून ओळखणारी माणसं होती आणि त्यांना त्याच्या झटक्यांचं अप्रूप नव्हतं. आणि बॅट हातातून सुटली नाही. हेगमनने नाव सुचवलं तेव्हा तो आपल्या जुन्या सोबत्याचा उपकारकर्ता होऊ पाहत नव्हता. हा माणूस अजूनही चेंडू मारू शकतो, एवढंच त्याला माहीत होतं.

रॉयल्सनी १९८७ मध्ये त्याला आधी मेम्फिसला, डबल ए संघात पाठवलं. ट्विन्सने वगळलेली पायरी त्याच्या वाट्याला आता, अठ्ठाविसाव्या वर्षी आली. तिथे त्याने ७० सामन्यांत ०.३८२ अशी सरासरी काढली. जूनमध्ये बोलावणं आलं. योगायोग असा की त्या वेळी रॉयल्सचा मॅनेजर होता बिली गार्डनर, पाच वर्षांपूर्वीच्या त्या फाटक्या ट्विन्सचाही मॅनेजर. आयझनराइकची सगळी पडझड गार्डनरने डगआऊटमधून पाहिली होती. या वेळी त्याला क्षेत्ररक्षणाला न उभं करता बहुतेक फक्त फलंदाजी दिली. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगमध्ये तशी सोय होती: गोलंदाजाऐवजी फलंदाजी करणारा स्वतंत्र खेळाडू ठेवता येई.

ऑक्टोबर १९८७ मध्ये ट्विन्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. मेट्रोडोममध्येच, हर्बेक, गेटी, ब्रुनान्स्की, वायोला आणि पकेट यांच्या जोरावर. १९८२ च्या त्या पोरांमधला एक जण तेव्हा साडेचारशे मैलांवरच्या कॅन्सस सिटीच्या यादीत होता.

पुनरागमनाच्या कथा आपण एका उडीत सांगतो: पडला, उठला, जिंकला. इथे तसं नाही. १९८७ मध्ये त्याची सरासरी ०.२३८ झाली, १९८८ मध्ये ०.२१८. त्याला पुन्हा खाली, ओमाहाला पाठवलं. कोणताही संघ या टप्प्यावर फाइल बंद करतो आणि एक डॉलर वाया गेला म्हणून कोणी हळहळलं नसतं. रॉयल्सनी ती बंद केली नाही. १९८९ मध्ये तो रोज खेळू लागला, सरासरी ०.२९३, चोरलेले बेस २७, आणि तो त्या वर्षीचा संघातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जॉर्ज ब्रेट आणि बो जॅक्सन ज्या संघात होते, त्या संघात!

१९९० मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने टोनी कॉनिग्लियारोच्या नावाने एक पुरस्कार सुरू केला. कॉनिग्लियारो बॉस्टनचाच आऊटफिल्डर होता. १९६७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याच्या चेहऱ्यावर चेंडू आदळला, दृष्टी अधू झाली, तरी तो परत येऊन खेळला. १९९० च्या फेब्रुवारीत तो पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. संकटावर मात करणाऱ्या खेळाडूला हा पुरस्कार दरवर्षी द्यायचा असं ठरलं. पहिला मानकरी झाला जिम आयझनराइक. फेनवेच्या बाकांवरून त्याची टिंगल झाल्याला आठ वर्षं झाली होती.

रॉयल्सकडे सहा मोसम काढून १९९३ मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला. फिलीज संघ आदल्या वर्षी गटात तळाला होता. त्यात लेनी डाइकस्ट्रा, जॉन क्रक, डॅरेन डॉल्टन, मिच विल्यम्स असे केस वाढवलेले, तंबाखू चघळणारे, रात्र जागवणारे धटिंगण भरले होते. त्यांच्यात हा मितभाषी माणूस कसा रमेल, ही शंका रास्तच होती. तो मजेत रमला. त्या ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाची थट्टा होई आणि त्याचीही झाली. पण फेनवेच्या टिंगलीत आणि या थट्टेत फरक होता. ही थट्टा करणारे उद्या त्याच्या शेजारी उभे राहणार होते. मॅनेजर जिम फ्रेगोसीने राइट फील्डची जागा दोघांत वाटली. समोर उजव्या हाताचा गोलंदाज असला की आयझनराइक, डावखुरा असला की वेस चेंबरलेन. कारकिर्दीच्या उत्तरार्धात बऱ्याच खेळाडूंना असं अर्धं काम अपमानास्पद वाटतं. आयझनराइकने ०.३१८ ची सरासरी दिली आणि फिलीजने ९७ सामने जिंकून नॅशनल लीगचं विजेतेपद घेतलं.

१७ ऑक्टोबर १९९३. टोरांटो, वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना, पन्नास हजारांवर प्रेक्षक. समोर टोरांटोचा डेव्ह स्ट्युअर्ट, मोठ्या सामन्यांत डोळे रोखून चेंडू फेकण्यासाठी प्रसिद्ध. तिसऱ्या डावात क्रक आणि डेव्ह हॉलिन्स यांनी एकेक धाव मिळवून दिली होती आणि दोघेही बेसवर उभे होते. आयझनराइकने चेंडू उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे धाडला. तीन धावा, आघाडी ५-०. फिलीजने तो सामना ६-४ असा जिंकला. गर्दीच्या भीतीने खेळू शकत नाही असं ज्याच्याबद्दल लिहिलं गेलं होतं, त्याने पन्नास हजारांच्या गर्दीपुढे हा फटका मारला. निदानाचा वाद तिथे खरोखर मिटला. मालिका मात्र टोरांटोने सहाव्या सामन्यात जो कार्टरच्या शेवटच्या फटक्यावर जिंकली.

त्यानंतरची तीन वर्षं त्याच्या बॅटची सर्वांत सुंदर वर्षं. १९९४ मध्ये, खेळाडूंच्या संपामुळे ऑगस्टात बंद पडलेल्या मोसमात, नेमकी ०.३००. पुढच्या वर्षी ०.३१६. आणि १९९६ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ०.३६१! त्या वर्षी नॅशनल लीगचा फलंदाजीचा किताब टोनी ग्विनला ०.३५३ वर मिळाला. आयझनराइकच्या पाळ्या किताबासाठी लागणाऱ्या संख्येपेक्षा बऱ्याच कमी होत्या, म्हणून त्याचं नाव त्या यादीत नाही. दोघांत वाटलेल्या जागेची ही किंमत. त्याच वर्षी त्याने टुरेट असलेल्या मुलांसाठी आपल्या नावाची संस्था स्थापन केली. संघ ज्या गावी जाई तिथल्या अशा मुलांना आणि त्यांच्या आईबापांना तो सामन्याआधी मैदानावर बोलावून भेटत असे. कमी बोलणाऱ्या माणसाने हे वर्षानुवर्षं केलं.

१९९७ मध्ये तो फ्लोरिडा मार्लिन्सकडे आला. चार वर्षांपूर्वीच जन्मलेला हा संघ, पैसे ओतून उभारलेला. ऑक्टोबरात क्लीव्हलंडच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना झाला. मार्लिन्स ३-७ ने मागे होते, तेव्हा आयझनराइकने चार्ल्स नेगीला दोन धावांचा होमरन मारला आणि सामन्यात पुन्हा जान आणली. तो त्यांनी १४-११ असा जिंकला आणि २६ ऑक्टोबरला, सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात, मालिकाही. अडतीस वर्षांच्या आयझनराइकच्या बोटात विजेत्याची अंगठी आली.

ती फार दिवस मिरवता आली नाही. मालक वेन ह्युझिंगाने जिंकलेला संघ लगेच मोडीत काढला. मे १९९८ मध्ये गॅरी शेफील्ड, बॉबी बोनिया, चार्ल्स जॉन्सन यांच्यासह आयझनराइकला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवण्यात आलं. बदल्यात माइक पियाझा आणि टॉड झील आले. कोट्यवधी डॉलरच्या करारांची ती देवघेव त्या दशकात सर्वांत गाजलेल्यांपैकी होती आणि तिच्यात एके काळी एक डॉलर किंमत झालेला माणूस होता. पण आता बॅट थकली होती. त्या मोसमाअखेर तो थांबला. १५ मोसम, पाच संघ, १,४२२ सामने, १,१६० हिट्स, सरासरी ०.२९०.

परिणामांचा हिशेब मांडायचा तर ट्विन्सचं फार नुकसान झालं असं म्हणता येत नाही, त्यांना पकेट मिळाला होता. नुकसान झालं ते आयझनराइकचं: पंचविशी ते अठ्ठाविशी ही खेळाडूच्या आयुष्यातली भरात येण्याची वर्षं त्याने गमावली, आणि ती परत मिळत नाहीत. मिळकत झाली ती त्याच्यानंतरच्यांची. बास्केटबॉलमध्ये महमूद अब्दुल-रौफ आणि पुढे फुटबॉलचा गोलरक्षक टिम हॉवर्ड यांनी आपला टुरेट लपवला नाही. त्यांच्या वेळी तो शब्द प्रेक्षकांना पूर्वीइतका अनोळखी राहिला नव्हता, याचं थोडं श्रेय तरी सेंट क्लाउडच्या या आऊटफिल्डरकडे जातं.

हा विकार एकट्या अमेरिकेचा नाही. आपल्या शाळांतही सतत डोळे मिचकावणारं, मान झटकणारं, घसा खाकरणारं एखादं मूल असतं. त्याला ‘चाळे बंद कर’ म्हणून दटावलं जातं, मागच्या बाकावर बसवलं जातं, घरी कोणी बाहेरचं लागलंय म्हणून अंगारा लावतं. शिक्षक आणि पालकांना विनंती एवढीच की रागावण्याआधी त्या मुलाला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. बहुतेकदा अशा सवयी आपोआप जातात, आणि नाही गेल्या तर त्यांना नाव आहे आणि त्यावर उपाय आहेत. आयझनराइकचे झटके पहिलीच्या वर्गात सुरू झाले होते. त्यांचं नाव त्याला कळलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.